आर्विडच्या निवडीतल्या वीस कालवडी

फाटकाजवळ आर्विड हाउगन पालथा पडला होता आणि आवारातल्या चौपन्न कालवडी त्याच्यापासून जितकं लांब जाता येईल तितक्या लांब, पलीकडच्या कुंपणाला चिकटून उभ्या होत्या.

लोर्ना ट्वाइट दहा वाजता आली ती वेगळ्याच कामाला. मोंटानात गुरं विकली की हलवण्याआधी त्यांच्या अंगावर डागलेली मालकाची खूण सरकारी माणसाकडून तपासून घ्यावी लागते. या भागात ते काम बावीस वर्षं लोर्नाकडे होतं. आज आर्विडच्या सिमेंटल जातीच्या वीस कालवडी शेजारच्या मर्ल स्टोकेकडे जायच्या होत्या. मर्लचा सगळा कळप अँगस जातीचा, काळाभोर. त्याचा काळा वळू आणि आर्विडच्या लाल-पांढऱ्या कालवडी, यांची वासरं दोन्ही घराण्यांपेक्षा सरस निघत.

शेरीफ रूड तिच्याआधी पोचला होता.

"कालवडीनं मारलं?" लोर्नाने विचारलं.

"आधी तसंच वाटलं. पण उलटवून पाहिलं तर छातीवर आडवा वळ आहे, बरोबर फाटकाच्या मधल्या दांडीच्या उंचीवर."

"मग फाटकच लागलं."

"लागलं. पण साडेनऊला बर्निस आली तेव्हा फाटकाला बाहेरून कडी होती. तो आत मरून पडलेला. मग कडी कोणी लावली?"

लोर्नाने आर्विडकडे पाहिलं. या माणसाबरोबर तिने शंभरदा तरी कॉफी घेतली असेल. काहीतरी वाटायला हवं होतं. ऑक्टोबरात तिचा नवरा गेला तेव्हापासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. ती खाली वाकली. आर्विडचे पिवळे चामडी हातमोजे त्याच्या हातातच होते. जुने, पण स्वच्छ. कोटाच्या खिशातून हिरव्या रंगाची कांडी डोकावत होती, गुरांवर खूण करायची.

वीस कालवडींच्या पुठ्ठ्यावर ठळक हिरव्या रेघा होत्या. वीसही थोराड. लोर्ना त्यांच्यातून एकदा फिरली, मग पुन्हा फिरली. सहा कालवडींच्या तोंडांपाशी ती थांबली. वहीत त्यांच्या कानातल्या बिल्ल्यांचे आकडे लिहिले आणि घराकडे निघाली.

आर्विडची बायको बर्निस हाउगन स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. अंगात अजून कोट होता.

"सकाळी कोण कोण आलं होतं?"

"मर्ल. सात वाजता. त्याचा ट्रक इथून दिसतो. आठला दहा कमी असताना गेला."

"आणि आर्विड?"

"खिडकीतून आवार दिसत नाही. कॉफीला आला नाही म्हणून साडेनऊला बघायला गेले." ती थांबली. "लोर्ना, मला रडू येत नाहीये."

"मलाही आलं नव्हतं," लोर्ना म्हणाली. "वाट बघू नकोस त्याची."

मुलगा ग्रँट दाराशी उभा होता. चाळिशीचा, खांदे पडलेले. शेरीफने त्यालाच धरलं.

"काल बापाशी भांडलास म्हणे?"

"कालवडी विकू नका म्हणालो. मर्लला तर नकोच."

"का?"

"गेल्या वर्षी नेलेल्यांतल्या अकरा विताना मेल्या. पहिलटकरणींवर त्यानं दांडगा वळू सोडला. वासरं अडकली आणि हा गावाला गेला होता. बाबांना मी हे कालच सांगितलं. ते म्हणाले, मर्लला विचारतो."

"सकाळी कुठं होतास?"

"खालच्या तळ्यावर. गुरांच्या पाण्यावरचा बर्फ फोडत."

"कोणी पाहिलं?"

"गुरांनी."

शेरीफने लोर्नाला बाजूला घेतलं. "मर्ल फोनवर म्हणतो, आर्विडनं त्याच्यादेखत वीसही कालवडींवर खुणा केल्या, ट्रकपर्यंत आला, हात मिळवला. म्हणजे तो निघाला तेव्हा आर्विड जिवंत होता. त्यानंतर इथं होतं कोण? हा."

"मर्ल येतोय ना?"

"बारा वाजता. ट्रेलर घेऊन."

"मग बारापर्यंत ग्रँटला नेऊ नकोस," लोर्ना म्हणाली.

मर्ल स्टोके वेळेवर आला. टोपी काढून बर्निसपाशी दोन शब्द बोलला, मग कुंपणाशी येऊन उभा राहिला. त्याच्या हातात नवे कोरे हातमोजे होते. एकाच्या मनगटाला दुकानाचा दोरा अजून लोंबत होता.

"आज कालवडी नेणं बरं दिसणार नाही," तो म्हणाला. "पण आर्विडचा शेवटचा शब्द होता तो."

"कागद करून टाकू," लोर्ना म्हणाली. "निवड कशी केली त्यानं?"

"एकेक पुढं घेतली, मागून पुढून पाहिली, पसंत पडली की रेघ ओढली. त्याची पद्धत तुला ठाऊकच आहे."

"रेघा त्यानंच ओढल्या? स्वतःच्या हातानं?"

"मग काय मी ओढीन? माल त्याचा."

"यातल्या सहांच्या डोळ्यांभोवती पांढरं आहे. काही बोलला का त्याबद्दल?"

मर्लने कालवडींकडे पाहिलं.

"बोलला ना. म्हणाला, वळू काळा आहे, वासरं काळीच होतील. डोळ्याचं काय घेऊन बसायचं?"

लोर्नाने ग्रँटला हाक मारली. "तुझे बाबा पांढऱ्या डोळ्यांची कालवड वीण घ्यायला ठेवायचे?"

"कधीच नाही. मी सात वर्षांचा असल्यापासून ऐकतोय. डोळ्याभोवती लाल कडं नसेल तर उन्हानं पापणी सडते, कॅन्सर होतो. अशी कालवड कितीही चांगली असली तरी खाटकाकडे. मी एकदा म्हणालो, वासरू काळं होईल की. तर म्हणाले, होईल, पण उन्हात दहा वर्षं त्याच्या आईला उभं राहायचंय."

लोर्ना शेरीफकडे वळली.

"पाच हिवाळे मी आर्विडच्या निवडक कालवडी तपासल्या. शंभरावर भरतील. पांढऱ्या डोळ्यांची एकही नव्हती. आज विसांत सहा. ही निवड आर्विडची नाही. ग्रँटचीही नाही. या घरातलं माणूस झोपेतसुद्धा ती चूक करणार नाही. खुणा अशा माणसानं केल्यात, ज्याला गुराच्या डोळ्याभोवती बघायची सवयच नाही. अँगसला डोळ्याभोवतीसुद्धा काळंच असतं. मर्लला जन्मात कधी बघावं लागलं नाही. त्यानं नुसत्या थोराड बघून रेघा मारल्या."

"आर्विड म्हातारा झाला होता," मर्ल म्हणाला. "चुकला असेल."

"ही कांडी हाताला लागल्याशिवाय राहत नाही. वीस रेघा ओढल्या तर हातमोजा हिरवा होतो, आणि या थंडीत उघड्या हातानं कोणी ओढत नाही. आर्विडचे हातमोजे स्वच्छ आहेत. तुझे नवे आहेत, मर्ल. जुने कुठं गेले?"

मर्लने स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"ट्रकमध्ये बघू का मी?" शेरीफने विचारलं.

"सीटखाली आहेत," मर्ल म्हणाला. आवाज चढला नाही की उतरला नाही. "तो म्हणाला, एकही मिळणार नाही. अकराच्या अकरा माझ्या डोळ्यांसमोर येतात म्हणाला. मी बाहेर पडलो आणि रागानं फाटक ढकललं. तेवढ्यात आतून एक कालवड बुजून धावली, तिचा त्याला मागून धक्का बसला. दांडी त्याच्या छातीत बसली."

"आणि मग?"

"पडला. श्वास चालू होता."

"तू काय केलंस?"

"थोडा वेळ उभा राहिलो. वाटलं, उठेल. मग वाटलं, उठला तर सगळ्यांना सांगेल." त्याने टोपी हातात फिरवली. "माझा ट्रक बर्निसनं पाहिला असणार. सौदा सुखानं झाला असं दिसायला हवं होतं. म्हणून त्याची कांडी घेतली आणि खुणा केल्या. परत खिशात ठेवली."

"तो तिथं पडलेला असताना वीस खुणा केल्यास?"

"हो."

"आणि कडी?"

"सवय. गुरांच्या आवारातून बाहेर पडलं की कडी लावायची."

शेरीफने त्याला गाडीत बसवलं. रिकामा ट्रेलर तिथेच राहिला. ग्रँट कोणाकडे न बघता वैरणीच्या शेडकडे गेला. सकाळपासून कालवडींना कोणी चारा घातला नव्हता.

लोर्ना स्वयंपाकघरात आली. सगळं सांगून झालं, तरी बर्निसचा चेहरा तसाच होता.

"किती वेळ जिवंत होता?" तिने विचारलं.

लोर्नाला खोटं बोलता आलं असतं. "शेरीफनं आणलेले डॉक्टर म्हणतात, तास-दीड तास असेल."

"शुद्धीवर?"

"ते त्यांनाही सांगता येत नाही."

बर्निसने मान हलवली. "मी तेव्हा रेडिओ ऐकत होते. थंडी आणखी वाढणार असं सांगत होते. नीट ऐकू येईना म्हणून मी आवाज मोठा केला."

बाहेर ग्रँट गवताचे गठ्ठे फोडत होता.

बर्निस उठली, अंगातला कोट काढला आणि ओव्हनमध्ये सकाळपासून झाकून ठेवलेलं मांसाचं पातेलं बाहेर घेतलं.

"बस," ती म्हणाली. "जेवून जा. माझ्यासमोर एकट्यानं बसून ग्रँटच्या घशाखाली घास उतरायचा नाही."

लोर्नाने वही मिटली आणि ताटं मांडायला घेतली.