नरोलीचा जादा तास

कावेरी खुर्चीवर बसायला तयार नव्हती. वकील तेजस्विनी देवरे यांच्या सिल्वासातल्या छोट्या कचेरीत ती दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालत होती. चार वाजता नरोलीच्या कारखान्यात तिची चौकशी होती.

मार्चच्या शेवटच्या रविवारी रंगाई विभागात वायुगळती झाली. त्या विभागात कामावर ती आणि तिचा सख्खा भाऊ नवनाथ, दोघंच. तिने सुरक्षा अधिकारी केदार यांना फोन लावला. नवनाथला झडप दाबून धरायला सांग, मी आलोच, असं ते म्हणाले. ते येईपर्यंत तासभर नवनाथ तीच हवा ओढत राहिला. फोन तासभर उशिरा केल्याचा ठपका ठेवून कारखान्याने कावेरीला कामावरून दूर केलं होतं. आता नवनाथला बोलता येत नव्हतं, आणि त्याची बायको जया कावेरीला दवाखान्याची पायरी चढू देत नव्हती.

"शेजारच्या कंपनीचा अकराचा भोंगा झाला अन् वास आला. लगेच लावला मी फोन, ताई."

"कारखान्याच्या टेलिफोन एक्सचेंजची नोंद बारा वाजून दोन मिनिटांची आहे," मंगेश म्हणाला. हा तेजस्विनीचा मदतनीस, कोकणातून आलेला माजी मास्तर. "म्हणजे बाई, तुमच्याच तोंडाने तुम्ही..."

तेजस्विनीने त्याला हातानेच थांबवलं.

कारखान्यात त्यांनी फोनच्या नोंदींचे कागद मागवले. मंगेशने चष्मा पुसला. "छपाई तरी धड करा. सोमवारी अनुक्रमांक ११८६चा फोन नऊ पन्नासला, आणि त्यानंतरचा ११८७ आठ बावन्नला."

तेजस्विनी उपाहारगृहातून लागलेल्या फोनच्या ओळी पाहत होती. रोज साडेदहा. रविवारी साडेअकरा.

तिथल्या चिमाबाई रोज प्रत्येक विभागाला फोन करून किती पानं ते विचारत आणि मगच तांदूळ टाकत. रविवारी उशीर झाला होता का, या प्रश्नाचा त्यांना रागच आला. "साडेदहालाच इचारलं. बाराला भात पानात पडला. नाय तर पोरं ताटं बडवतात."

एक्सचेंज सांभाळणारा भावेश हसतमुख होता. "घड्याळ डिसेंबरात मीच लंडनच्या हेड ऑफिसला जोडलं, बेन. त्यांच्या टायमात साडेपाच तास मिळवायचे, बस. एक मिनिट चुकलं नाही." घड्याळ बदलायचा पासवर्ड फक्त त्याच्याकडे आणि केदारसाहेबांकडे होता. सोमवारी तो वलसाडला मेहुण्याच्या लग्नात होता.

केदार शांत होते. त्यांच्या टेबलावर जवळच्या सामरवरणी गावातल्या नव्या इमारतीचं माहितीपत्रक पडलं होतं. मंगेश ते चाळू लागला.

"राउंडवर असताना माझा फोन मोबाइलवर वळवलेला असतो," केदार म्हणाले. "बारा वाजून दोन मिनिटं. मी स्वतः मोबाइलच्या पडद्यावर पाहिलं. पाच मिनिटांत पोचलो."

चार वाजता सगळे व्यवस्थापकांच्या खोलीत जमले. कावेरी दाराशी उभी होती.

"रविवारी बाराचा भात शिजवायला साडेअकराला तांदूळ टाकले नव्हते," तेजस्विनीने सुरुवात केली. "अर्ध्या तासात शंभर माणसांचं जेवण होत नाही. म्हणजे एक्सचेंजचं घड्याळ तासभर पुढे होतं."

"का पण?" मंगेशने विचारलं.

"मार्चच्या शेवटच्या रविवारी लंडनमध्ये घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे करतात. भारतात करत नाहीत. भावेशने भारताची वेळ न निवडता लंडनच्या वेळेत साडेपाच तास मिळवले होते. हिवाळाभर ते जुळलं. रविवारी साडेचार मिळवायला हवे होते."

भावेशचं हसू मावळलं.

"ती छपाईची चूक नव्हती, मंगेश. फोनचे क्रमांक पुढे गेले आणि वेळ मागे, कारण सोमवारी सकाळी कुणीतरी हाताने घड्याळ दुरुस्त केलं. रविवारच्या नोंदी मात्र तशाच ठेवल्या. भावेश वलसाडला होता. मग पासवर्ड उरतो एकाकडे."

"चूक दिसली, सुधारली," केदार म्हणाले.

"आणि तरी कावेरीवर ठपका ठेवलात. शिवाय तुम्ही मोबाइलवर बारा दोन पाहिलेत. मोबाइल लंडनला विचारत नाही, केदारसाहेब. त्यावर अकरा दोनच दिसणार. बारा दोन हा आकडा फक्त या कागदांवर आहे. मोबाइल कंपनीची नोंद मागवू, की सामरवरणीच्या फ्लॅटवाल्याला विचारू?"

मंगेशने सोबत आणलेलं माहितीपत्रक केदारनी घडी करून बाजूला ठेवलं. फोन आला तेव्हा सामरवरणीत होतो, फक्त फ्लॅट पाहून यायचं होतं, ते म्हणाले. किरकोळ गळती असेल असं वाटलं.

व्यवस्थापक कावेरीला कामावर परत घेण्याच्या पत्राचं बोलू लागले. तिने हात जोडले.

"पत्र मागनं द्या, साहेब. आधी वहिनीला फोन लावा. माझा ती उचलत नाही."

त्यांनी फोन लावला. जयाने उचलला. ते सांगत गेले, मग ऐकत राहिले, आणि रिसीव्हर कावेरीपुढे धरला.

तो घेऊन कावेरी त्या दिवशी पहिल्यांदाच खुर्चीवर बसली.