इथपर्यंत आलो

शेवटची पेस्टी, म्हणजे खिमा-बटाटा भरलेली भलीमोठी करंजी, माझी होती. पैसे देऊन झाले होते, कागदात गुंडाळून झाली होती, आणि तेवढ्यात दार ढकलून एक उंच, निथळणारा माणूस दुकानात शिरला. रिकाम्या ट्रेकडे बघून म्हणाला, "संपली?"

इतकं केविलवाणं 'संपली' मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. बाहेर सरोवरावरून आडवातिडवा पाऊस येत होता. त्याच्या टोपीवरून थेंब टपटप नाकावर पडत होते आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. मला हसू फुटलं.

"अर्धी घ्या," मी म्हटलं.

"छे छे, तुमची आहे ती…" असं म्हणत स्वारी माझ्यासमोर बसलीसुद्धा! आणि केचपची बाटली उचलली.

"थांबा! पेस्टीवर केचप?"

"मग काय घालतात?"

"ग्रेव्ही!"

त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. "बाहेरच्या दिसता."

"मिलवॉकीची."

"तरीच," तो म्हणाला, आणि माझ्या अर्ध्या पेस्टीवर मनसोक्त केचप ओतलं. ओठ गंभीर होते, पण डोळे… डोळे लबाड हसत होते. त्या रात्री हॅनकॉक गावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत मला ते डोळे आठवत राहिले, आणि मी स्वतःवरच चिडले. मार्ना विल्चेक, तू इथे कामाला आली आहेस!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मालकीण तक्कालाबाईंनी ओळख करून दिली. "हा आर्वो कांगास. आपला सगळा प्रोग्राम यानेच लिहिलाय. त्यातला कचराही याचाच."

केचपवाला! आज नाक कोरडं होतं, पण कान लालभडक झाले होते.

तक्कालाबाईंची कंपनी चिमुकली. जिल्ह्याच्या प्लाऊंना, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या गाड्यांना, आता कुठल्या रस्त्यावर जायचं ते सांगणारा प्रोग्राम त्या विकायच्या. चालकासमोर एक छोटा पडदा असतो. त्यावर रस्त्याचं नाव यावं, बस्स. पण आर्वोला एक खोड होती. काही बिघडलं की तो कोडमध्ये जागोजागी एकेक ओळ पेरायचा. प्रोग्राम त्या जागी पोहोचला की पडद्यावर उमटायचं, 'इथपर्यंत आलो'. त्यावरून बिघाड कुठे आहे ते कळायचं. बिघाड दुरुस्त व्हायचा, ओळी मात्र तशाच राहायच्या. मागच्या हिवाळ्यात रस्त्याचं नाव या बडबडीत बुडून गेलं आणि चालक वैतागले.

माझं काम एवढंच की या बडबडीला एक स्विच बसवायचा. बंद असला की प्रोग्राम मुका. काही बिघडलं तर चालू करायचा, मग बोल बाबा काय बोलायचं ते. पहिला बर्फ पडायच्या आत काम उरकायचं आणि मी मिलवॉकीला परत. तिथे कायमची नोकरी माझी वाट बघत होती.

"हे काय आहे?" मी त्याला हाक मारून विचारायचे. "'अरे वा, इथपर्यंतसुद्धा आलो'?"

"तो अवघड भाग होता. मला आनंद झाला होता."

"आणि हे… 'आई गं'?"

"तो त्याहून अवघड होता."

"तू प्रोग्रामशी गप्पा मारतोस, आर्वो?"

"तो ऐकून घेतो. मध्येच ग्रेव्ही-ग्रेव्ही करत नाही."

असं सगळं. रोज दुपारी तो माझ्या टेबलावर कॉफी ठेवायचा, साखर न विचारता बरोब्बर घातलेली. खिडकीशी उभा राहून ढगांकडे बघायचा आणि म्हणायचा, "अजून बर्फाचं नाव नाही." हे सांगताना इतका खूश का व्हायचा, ते मला कळत नव्हतं. खरं सांगू? कळत होतं. मीही खूश व्हायचे.

एकदा तक्कालाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पोरी, उन्हाळ्यात रस्त्यांच्या खड्ड्यांचं काम येतंय. राहतेस का? गुरुवारपर्यंत सांग."

मी आर्वोकडे पाहिलं. तो कपात बघत होता, जणू कॉफीत काही पोहत होतं. बोल ना रे! एक शब्द बोलला असता तर त्याच क्षणी मी मिलवॉकीला 'येत नाही' कळवलं असतं. पण कोडमध्ये एवढी बडबड करणाऱ्या माणसाच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही.

"विचार करते," मी म्हटलं.

आणि मग कामात विचित्र घडायला लागलं. संध्याकाळी एक भाग पूर्ण करावा, स्विच बंद करून पाहावं, तर सगळं चिडीचूप. सकाळी येऊन पाहावं तर पडद्यावर पुन्हा, 'इथपर्यंत आलो'. मी ती ओळ स्विचमागे टाकायचे, म्हणजे स्विच बंद असला की तीही गप्प. दुसऱ्या दिवशी आणखी एक! मला वाटलं, माझा स्विचच गळका आहे. कुठे काय चुकतंय ते कळेना, जेवण जाईना. कामात माझी कधी अशी फजिती झाली नव्हती.

गुरुवारी तक्कालाबाईंनी वाइनोकाकांना बोलावलं. काका जिल्ह्यातले सगळ्यात जुने प्लाऊचालक. मी स्विच बंद केला. "आता फक्त रस्त्याचं नाव दिसेल," असं मोठ्या ऐटीत सांगितलं. नाव आलं… आणि खाली उमटलं, 'इथपर्यंत आलो'.

काकांनी चष्मा वर केला. "पोरी, हा मुका कधी होणार म्हणायचा?"

तक्कालाबाईंनी हळूच पडदा बंद केला. तेच जास्त लागलं. मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडून घेतलं.

तोंड धुऊन परत आले तेव्हा एकदम ध्यानात आलं. आमच्या धंद्यात प्रत्येक ओळीपाशी ती लिहिणाऱ्याचं नाव आणि वेळ आपोआप नोंदली जाते. मी बघितलंच नव्हतं, कारण या सगळ्या ओळी आर्वोच्याच, त्यात बघायचं काय? आता बघितलं. नाव आर्वोचंच होतं. वेळ मात्र आदल्या संध्याकाळची… मी घरी गेल्यानंतरची.

"हे तू केलंस?" मी थेट त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

त्याचे कान लाल झाले.

"मुद्दाम? रोज?"

"काम संपलं असतं ना…" तो पुटपुटला. "संपलं की तू… म्हणजे… मला वाटलं, तू नावं बघशील. पहिल्याच दिवशी पकडशील. मग मला काही सांगावंच लागणार नाही."

"मला वाटलं, मीच बिनडोक आहे! काकांसमोर माझी शोभा झाली, आर्वो! जीभ दिलीय ना देवाने? तोंडाने सांगायचं होतंस!"

तो उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं. मी वाट पाहिली. देवाशपथ, पाहिली. मग सरळ तक्कालाबाईंकडे गेले आणि सांगितलं, "मी जातेय."

शुक्रवारी सकाळी बर्फ पडायला लागला. भुरुभुरु नव्हे, चांगला जाड. तक्कालाबाईंचा फोन आला. आर्वोने सगळं त्यांना स्वतःहून सांगितलं होतं, वाइनोकाकांच्या घरी जाऊन माफी मागितली होती आणि नंतर टाकलेली एकूण एक ओळ काढून टाकली होती. "स्विच झकास चालतोय गं," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्याचं काम अजून कुणाला दिलेलं नाही, बरं का."

मी आभार मानून फोन ठेवला आणि बॅग भरली. मला त्यांचा आवाज नको होता, त्याचा हवा होता.

मिलवॉकीच्या बसमध्ये खिडकीशी बसले. बस हलेना. "प्लाऊ येऊन गेल्याशिवाय निघता येणार नाही, मंडळी," चालक म्हणाला. सगळे कुरकुरले. मी काचेवर बोटाने रेघा ओढत होते आणि बाहेरचं पांढरं सगळं धूसर दिसत होतं. काच धुरकटली होती म्हणून नव्हे.

मग केशरी दिवा फिरताना दिसला. प्लाऊ घरघरत आला, बसच्या शेजारी थांबला. दार उघडलं आणि तीच टोपी खाली उतरली. नाकावर या वेळी बर्फ होता.

तो बसच्या पायरीवर चढला, धापा टाकत.

"इथपर्यंत आलो," तो म्हणाला.

"दिसतंय," मी म्हटलं. हसायचं नाही असं ठरवलं होतं. "पुढे?"

सगळी बस माना वळवून बघत होती. त्याने टोपी काढली, पिळली, पुन्हा घातली.

"मार्ना… मी मूर्खपणा केला. तुझ्या कामात तरी तो करायला नको होता. आणि… माझं तुझ्यावर प्रेम आहे. पेस्टी अर्धी केलीस ना, तेव्हापासून. हे तोंडाने सांगतोय. सगळ्यांसमोर. तू जा, नाहीतर राहा, पण हे न ऐकता जाऊ नकोस."

"बाई," बसचालक आरशात बघत म्हणाला, "जाताय की उतरताय? दोन्हींत मला आनंदच आहे, पण रस्ता मोकळा झालाय."

मी बॅग उचलली.

प्लाऊमध्ये वाइनोकाका, तो आणि मध्ये मी, असे दाटीवाटीने बसलो. माझा गारठलेला हात त्याने आपल्या हातमोज्यात ओढून घेतला. समोर पडद्यावर फक्त रस्त्याचं नाव होतं, स्वच्छ, एकटं. काका म्हणाले, "आता बरा मुका झाला. आणि मुका होता तो बोलायला लागला. चांगलं काम केलंस, पोरी."

दुपारी पेस्टी खाल्ली. अर्ध्यावर केचप, अर्ध्यावर ग्रेव्ही. मिलवॉकीला फोन करून नकार कळवला आणि तक्कालाबाईंना होकार.

सोमवारी ऑफिसात गेल्यावर आर्वोची सगळ्यात जुनी 'इथपर्यंत आलो' शोधून काढली. मी कामाच्या कोडमध्ये तोवर एकही वायफळ ओळ लिहिलेली नव्हती. त्या दिवशी तिच्या खाली एक लिहिली, 'मीही'. शेजारी माझं नाव आपोआप लागलं.

स्विचमागे, अर्थात.