राहिलेले थांबे

लग्नानंतर नवं जोडपं बाजाराला निघालं की मिक्सर घेतं, कपाट घेतं. अपेक्षा आणि बिरदेव तिच्या माहेरी, सांगलीला गेले ते डाइव्ह कॉम्प्युटर घ्यायला. बिरदेव मेढ्याचा, धंद्यानं पाणबुड्या. मेढ्याच्या वरच्या अंगाला जे धरण आहे, त्याचा दरवाजा पाण्याखाली अडकला की ठेकेदार त्याला बोलावून घ्यायचा. पाण्याची खोली आणि वर येतानाचे थांबे सांगणारा जुना कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा फारसं तोंड न उघडणाऱ्या या नव्या नवरीनं पहिला हट्ट धरला. दुसरा घेतल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही.

बशीरभाईंचं दुकान हळदीच्या पेठेमागं. महापुरानंतर त्यांनी दोर, लाइफ जॅकेट, रबरी बोटी असला माल ठेवायला सुरुवात केली होती. दुकानात रबराचा आणि हळदीचा वास एकमेकांत मिसळलेला. त्यांनी काचेवर दोन यंत्रं मांडली, दोन्ही मनगटावर बांधायची. एक नवं कोरं, रंगीत पडद्याचं. दुसरं वापरलेलं, काळं, जाडजूड.

"रंगीत घिऊया," बिरदेव म्हणाला. "लग्नाकार्यात मिरवाय बी येतंय."

"तुमचं लग्न झालंय," अपेक्षा म्हणाली.

बशीरभाई हसले. "नवं समुद्राला बरं, बेटा. तुमचं धरण डोंगरात. तिथं हवाच पातळ, म्हणून वर येताना जास्त थांबावं लागतं. हे काळं उंचीचा हिशेब धरतं."

"थांबायचं कशाला पण?" तिनं विचारलं. माहितीपत्रक तिनं आधीच वाचलं होतं. बिरदेवनं ऐकावं म्हणून विचारलं.

"पाण्याच्या दाबानं हवा रक्तात मुरते. सोड्याच्या बाटलीगत. झाकण हळू उघडलं तर काही नाही, झटक्यात उघडलं तर फेस. म्हणून मध्ये मध्ये थांबत वर यायचं. खोलवर थोडं, वर वर आल्यावर जास्त. आणि बाहेर आल्यावर त्या दिवशी घाट चढायचा नाही."

"हे कुणाचं होतं?"

बशीरभाईंनी फडक्यानं काच पुसली. पुसलेलीच होती, तरी पुसली.

"होता एक पाणबुड्या. लांबून आलेला, पुलाच्या कामाला. वरच्यांना घाई झाली, दोर ओढून काढलं त्याला. थांबे राहिले... गेला." मग घाईनं म्हणाले, "यंत्राचा दोष नाही हं. ते बरोबरच सांगत होतं. मी आतल्या नोंदी सगळ्या पुसून कोरं केलंय."

बिरदेवच्या हातात रंगीत होतं. अपेक्षानं ते काढून घेतलं आणि काळं ठेवलं. बरोबर सांगणारं बरं, असं तिला वाटलं.

धरणाचा दरवाजा अडकला तो नेमका बिरोबाच्या दर्शनाच्या दिवशी. नव्या जोडीनं पठारावरच्या देवाला नारळ द्यायचा, ढोल घालायचा, हा त्यांच्या घरचा रिवाज. सासूबाई रंगुबाई पाव्हण्यांना घेऊन सकाळीच जीपनं वर गेल्या. बिरदेव पाण्यात उतरला आणि दुपारी सगळे थांबे नीट घेऊन वर आला. पडद्यावर विमानाचं चित्र होतं आणि त्यावर फुली, म्हणजे आज उंचावर जायचं नाही. जावळीत विमान कुठलं, पण बिरोबाच्या वाटेत घाट होता.

अपेक्षानं काठावरूनच फोन लावला. "आत्या, आज नको. उद्या येतो. यांचं यंत्र नको म्हणतंय."

"यंत्र?" रंगुबाईंचा आवाज ढोलाच्याही वर चढला. "बकरं थांबलंय, पाव्हणं थांबल्यात, द्येव थांबलाय. आन सूनबाईचं घड्याळ न्हाई म्हणतंय व्हय? दे त्याला फोन!"

बिरदेव नुसतं "व्हय आये... व्हय" करत राहिला. मग बायकोकडं न बघता गाडीला किक मारली. "काय हुत न्हाई गं. बस."

ती बसली. बसण्यावाचून नव्या सुनेनं करायचं काय?

पहिल्या वळणांना ऊन होतं. मग धुकं आलं. दरीतून वर चढत आलं आणि कठडा, झाडं, रस्ता एकेक करत बुडवत गेलं. अपेक्षाच्या कानांना दडे बसले. ओल्या कातळाचा वास यायला हवा होता. आला तो गाळाचा, तळातला, कोंडलेला. तिनं नवऱ्याच्या पाठीला हात लावला. तो श्वास घेत होता, पण किती लांब... आत. मग बराच वेळ काहीच नाही. मग बाहेर.

एका वळणावर त्यानं गाडी उभी केली. उतरून कठड्याचा लोखंडी पाइप दोन्ही हातांनी धरला आणि तसाच उभा राहिला.

"काय झालं? सांधे दुखायला लागले का?"

तिनं त्याचं मनगट वळवून पाहिलं. पडदा उजळला होता. कोरड्या डांबरी रस्त्यावर यंत्र पाण्याची खोली दाखवत होतं, आणि खाली थांब्याची वेळ उतरत होती.

वेळ संपली. तो गाडीवर बसला, ती मागं बसली; थोडं वर गेला, पुन्हा उतरला, पुन्हा कठडा धरला. आता खोली कमी होती आणि थांबा मोठा.

हे थांबे बिरदेवचे नव्हते. त्याचे त्यानं धरणातच घेतले होते.

"अहो..."

"बाई," तो मान न वळवता म्हणाला. आवाज बिरदेवचाच, बोलणं परक्या मुलखातलं. "वर जे आहेत त्यांना सांगा... दोर ओढू नका म्हणावं. येतोय मी."

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई. पहिल्याच रिंगला त्याचं अंग असं हिसकलं, जणू कुणी काखेत दोर घालून वर खेचलं. टाचा रस्त्यावरून सुटल्या. ओठांवर फेस आला. पडद्यावरची वेळ उलटी फिरून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

"कुठं मेलाय गं? ढोलवाली निघाली घरला!"

"आत्या, यांना बरं नाही, जरा दम..."

"काय धाड भरलीया? बिरदेवाला दे!"

तिनं फोन कापला. तो पुन्हा वाजला. पुन्हा हिसका, आणि या वेळी फेसाला लाली होती.

तिला गाडी चालवता येत नव्हती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एवढंच कळत होतं, की अंग बिरदेवचं आहे आणि या ओढाताणीत तेच फाटणार आहे. थांबे पुरे झाले, की जो आलाय तो आपल्या वाटेनं जाईल. बिरदेव राहील. लग्न झाल्यापासून सासूच्या शब्दाबाहेर न गेलेल्या अपेक्षानं फोन बंद करून टाकला.

मग ती त्याच्या शेजारी कठडा धरून उभी राहिली.

"सावकाश..." ती म्हणाली. कुणाला म्हणाली, तिचं तिला ठाऊक. "कुणी ओढत नाही आता."

शेवटचा थांबा सगळ्यात लांब. वर पठारावरचा ढोल कधीतरी बंद पडला. उजेड मावळत आला. तीही त्याच्याच चालीनं श्वास घ्यायला लागली होती.

आकडे संपले. पडदा कोरा झाला. धुकं आलं तसंच दरीत उतरून गेलं. त्यानं छाती भरून हवा घेतली, मनगटानं ओठ पुसले. गालांवर रंग आला.

"अहो!" तिला रडूच फुटलं.

तो वळला. घाट लागल्यापासून पहिल्यांदाच त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. नीट पाहिलं, परक्या बाईकडं अदबीनं बघतात तसं.

"फार उपकार झाले, बाई." त्यानं मनगटावरचं यंत्र सोडून तिच्या हातात ठेवलं आणि गाडीवर बसला. "तिन्हीसांज झाली. एकट्या कशा जाणार? बसा. कुठं सोडू तुम्हाला?"

मेढ्याला म्हणावं, तर तिथं हा कोण म्हणून न्यायचा? सांगलीला म्हणावं, तर बिरदेवला कुठं ठेवून?

तळहातात यंत्र थरथरलं. पडद्यावर खोली पुन्हा दिसायला लागली होती, आणि आकडा सावकाश, न थांबता, वाढत होता. खाली चालला होता तो बिरदेव.