रामाचा झिजलेला अंगठा

ही ऐकीव गोष्ट नाही पोरांनो, माझ्या शेजारच्या भैयाजीची आहे. तेव्हा आपल्या गावाला चांदाच म्हणत. खेड्यापाड्यांतल्या भिंतींवरची देवांची जुनी छापील चित्रं घ्यायची, कुठल्या छापखान्याची, किती वर्षांची ते शोधून काढायचं आणि नागपूरच्या शौकिनांना विकायची, हा त्याचा धंदा. ‘देव विकून पोट भरतो’ म्हणून लोक हसत. चोपन्न सालच्या अक्षय्य तृतीयेला त्याची बायको वच्छला गेली आणि भैयाजीचा दगड झाला. शिव्या दिल्या तरी ठीक, जेवायला वाढलं तरी ठीक.

त्याच वर्षी, मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या आदल्या दिवशी तो सिंदेवाहीकडच्या एका खेड्यात सुगंधाबाईकडे गेला. म्हातारी घर मोडून वरोऱ्याला लेकीकडे निघाली होती. भिंतीवर रामपंचायतन होतं, बिनकाचेचं. भैयाजीने भिंग लावलं. अस्सल शिळाछाप, साठ वर्षांचा ऐवज! फक्त रामाच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचा रंग झिजून पांढरा कागद दिसत होता.

“माही नात रुखमा,” म्हातारी म्हणाली. “रोज रामाच्या पाया पडून झोपे. देवीच्या साथीत गेली, दोन वर्सं झाले. पन अजून येते, भाऊ. रात्री हात लावून जाते. मले पैसे नाई पाहिजे. तुह्या घरी लाव. इकू नको. नाई त पोरगी कुठी जाईन?”

“नाई इकत, बाई.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरचं गिऱ्हाईक दारातच भेटलं, आणि चित्र गेलं. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

ती अमावास्येची रात्र. घरात भैयाजी एकटा, दाराला आतून कडी. साडेबाराला पावलं वाजली.

लहान. अनवाणी.

भिंतीपाशी थांबली. भिंतीवरून तळहात फिरल्याचा आवाज... मग दुसरी भिंत. मग तिसरी...

कोणी तरी शोधत होतं.

पावलं खाटेकडे वळली. भैयाजीने डोळे मिटले...

उजव्या अंगठ्याला काही तरी लागलं. गार. एकदाच.

त्याने पाय ओढून घेतला नाही. वच्छला गेल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. त्या रात्री तो पहिल्यांदा रडला, त्यानेच मला सांगितलं.

सकाळी नागपूरला तार केली. जबाब आला तोवर चित्र मुंबईला रवाना झालं होतं, तिथून विलायतेच्या बोटीवर चढलं. तेव्हापासून भैयाजी परगावी मुक्कामाला राहिला नाही. “काऊन रे?” म्हटलं, तर म्हणे, “पोरगी येऊन वापस जाईन.”

एकोणसाठच्या माघात तो गेला. आंघोळ घालायला आम्ही चौघं होतो. पाय मी धुतले. डाव्या पायाला भेगा, नखांत माती, सगळ्यांचा असतो तसाच. उजव्या अंगठ्याला मात्र नख नव्हतं. जखमही नव्हती. रेघ नाही, सुरकुती नाही...

नुसता पांढरा, गुळगुळीत.