बाराव्या नंबरचा नेम

“रोज लाव. काही कळलं नाही तरी लाव. पण रोज!”

हे शब्द जाईला पुढे कितीतरी महिने जसेच्या तसे ऐकू येत राहिले, त्यातल्या नागपुरी हेलासकट. सांगणारा सहज बोलून गेला होता. समोरची मुलगी ‘रोज’ हा शब्द किती मनावर घेते, ते त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार!

मे महिन्यातली संध्याकाळ होती. कॅनडातल्या ओकव्हिल स्टेशनाबाहेर पाऊस तिरपा येत होता आणि बसथांब्याच्या काचेच्या आडोशाला जाई अंग चोरून उभी होती. तिच्या फोनवर बेसबॉलचं एक पान उघडं होतं. ऑफिसातली मैत्रीण हेझल, मूळची वसईची, हिने तिला एका फॅन्टसी लीगमध्ये ओढलं होतं. खेळाडू खरे, संघ मात्र कागदावरचे. खऱ्या सामन्यात आपला खेळाडू खेळला की आपल्याला गुण. “बारा टीम्स लागतात गं, एक कमी पडतेय. तू फक्त नाव दे,” असं हेझल म्हणाली, आणि जाईने नाव दिलं होतं. तिची टीम बारावी होती. बारापैकी.

“सॉरी हं, डोकावलो...” शेजारून आवाज आला. “तू जाई ना? मी परीक्षित. लीगचा कमिशनर. सगळ्या टीम्सच्या किल्ल्या माझ्याकडे, म्हणजे हिशेबनीसच म्हण.”

उंच, ओल्या केसांचा, चष्म्यावर पावसाचे थेंब. तिने फोन पटकन छातीशी धरला.

“तुझा शॉर्टस्टॉपचा खेळाडू महिनाभर पायाला प्लास्टर बांधून बसलाय,” तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “आणि तू त्याला रोज खेळवून राहिली!”

“अहो, पण त्याला बाहेर कसं काढायचं?” जाई अगदी हळू म्हणाली. “आधीच बिचाऱ्याचा पाय मोडलाय.”

परीक्षित मग असा हसला, की पुढे उभ्या बाईंनी छत्री वळवून पाहिलं. हसू आवरल्यावर त्याने तिला तिथेच, पावसात, सगळं समजावलं. जखमींना वेगळ्या जागी ठेवतात, कुणी त्यांना हाकलत नाही. आज ज्यांचा सामना आहे त्यांना वर घ्यायचं, बाकीच्यांना बाकावर. पहिला चेंडू पडायच्या आत. याला म्हणायचं लाइनअप लावणं. मग बस आली, आणि पायरीवर चढता चढता त्याने ते वाक्य म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाईने देवापुढे दिवा लावला, स्तोत्र म्हटलं, आणि उदबत्ती विझायच्या आत लाइनअप लावली. झालं. नेम सुरू झाला.

तिला बेसबॉल कळत नव्हता, पण नेम कळत होता. इतर अकरा जण हुशार होते, आकडे पाठ असलेले. पण उन्हाळा आला तसे कुणी कॉटेजला गेले, कुणाकडे पाहुणे आले, कुणी नुसतेच विसरले. जाई एकही दिवस विसरली नाही. जुलैत ती नववी झाली, मग सातवी.

संध्याकाळच्या गाडीत परीक्षित आता नेमका तिच्याच डब्यात सापडायचा.

“योगायोग,” तो म्हणायचा.

“रोजचा?” ती विचारायची, आणि खिडकीबाहेर बघायची. काचेत त्याचा चेहरा दिसायचा, हसताना.

“टीमला नाव तरी ठेव गं. अजून ‘टीम बारा’च आहे. बरं दिसत नाही.”

“चातुर्मास आहे.”

“मग?”

“चातुर्मासात मी कुणाला नावं ठेवत नाही.”

अर्थ डोक्यात शिरायला त्याला एक स्टेशन लागलं. पुढची दोन स्टेशनं तो नुसता हसत होता. आणि जाईला वाटलं, या माणसाला हसवणं हाही एक नेम होऊन बसायचा आपला... जपायला हवं.

ऑगस्टमध्ये सांगलीहून फोन आला. तिचे सख्खे काका गेले. लहानपणी तिला सायकल शिकवणारे. दहा दिवस सुतक. देव झाकून ठेवले, दिवा बंद. दुसऱ्या दिवशी तिने चाचरत आईला विचारलं,

“आई... दिव्याबरोबर मी आणखी एक लावते रोज. ते चालेल?”

“काय लावतेस?”

“बेसबॉलची लाइनअप.”



“काका जाऊन दोन दिवस नाही झाले, आणि खेळ सुचतोय तुला?”

“खेळत नाही गं. लावते फक्त.”

“देवापुढे बसून लावतेस ना? मग नको लावूस.”

तिने लावली नाही. ते पानच उघडलं नाही. दहा दिवसांनी पाहिलं तर टीम घसरायच्या ऐवजी एक पायरी चढलेली. पोरं आपापली खेळत राहिली असतील, असं मनाशी म्हणून तिने दिवा लावला आणि नेम पुन्हा धरला.

सप्टेंबरअखेर मोसम संपला तेव्हा ती तिसरी होती. परीक्षितने ग्रुपवर जाहीर केलं: यंदा विजेत्याबरोबर एक नवा सन्मान. सगळ्यात जास्त सुधारलेली टीम. एक पितळी पेला, त्यावर नाव मागाहून कोरून मिळेल. ‘टीम बारा’, बारावरून तीन.

“हे काय प्रगतिपुस्तक आहे?” हेझल ऑफिसात म्हणाली. “आणि बाई, तू दोन शब्द बोलायचेस हं. कशी सुधारलीस ते सांग सगळ्यांना.”

शनिवारी सकाळी जाई ते दोन शब्द लिहायला बसली. खोटं एक अक्षर नको, म्हणून तिने किती दिवस लाइनअप लावली ते मोजायला घेतलं. साइटवर प्रत्येक बदलाची नोंद होती, कुणी केला त्याच्या नावासह. जाई, जाई, जाई. आणि ऑगस्टमध्ये, दहा ओळी, रोज सकाळी सहाच्या सुमारास... ‘कमिशनर’.

तिचा हात थांबला. आधी गालांना ऊन लागल्यासारखं झालं. कुणीतरी दहा दिवस आपल्यासाठी पहाटे उठलं होतं. आणि मग तिने ते दहा दिवस वजा करून पाहिले. पेला आपला नव्हता. हे सांगावं तर भरल्या सभेत त्याची मान खाली जाणार. गप्प बसावं तर त्या पेल्याकडे बघत रोज दिवा कसा लावायचा?

हेझलच्या बिल्डिंगमधल्या पार्टी रूममध्ये दुपारी सगळे जमले. बाहेर रिमझिम होती, आणि मेपलची लाल पानं काचेला चिकटत होती. परीक्षित खुर्च्या मांडत होता. निळा सदरा, नीट इस्त्री केलेला. जाईने त्याला खुणेने बाहेर, लिफ्टपाशी बोलावलं.

“ऑगस्टचे दहा दिवस,” ती म्हणाली. एवढंच.

त्याचा चेहरा उतरला. “हेझलने सांगितलं होतं, काका गेले म्हणून. मला वाटलं, तीन महिने एक दिवस चुकली नाहीस... मोडायला नको तुझा नेम.”

“सुतकात नेम मोडत नाही, परीक्षित. थांबतो.”

“...मला माहीत नव्हतं.”

“विचारायचंस ना.”

“तू रडत असशील, आणि मी बेसबॉलचं विचारू?” तो खाली बघत म्हणाला. “आणि तसंही, कुणाचं काय नुकसान झालं त्यात?”

“कुणाचं झालं ते तू मोजलंच नाहीस. मोज.”

त्याने फोन काढला. बोटं हलत राहिली आणि मग थांबली. ते दहा दिवस काढले तर जाई सातवी. पाच पायऱ्या. हेझलची रोझमेरी मावशी, व्हिटबीची निवृत्त नर्स, अकरावरून सहावर आलेली, ती आता पाचवी. सहा पायऱ्या.

“मी सांगितलं तर तुझं नाव जाईल,” जाई म्हणाली. “आणि नाही सांगितलं तर... मला तुझ्याशी पूर्वीसारखं बोलता येणार नाही. मला बोलायचंय रे.”

त्याने फोन खिशात घातला. मग तो दार ढकलून आत गेला.

आत त्याने टेबलावर चमचा वाजवला. मराठीत सांगितलं, मग पुन्हा इंग्रजीत, म्हणजे मुलांनाही कळावं. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. जाईला यातलं आज सकाळपर्यंत काही ठाऊक नव्हतं, हे मात्र दोनदा सांगितलं.

उल्हासरावांची टीम चौथी आली होती, त्यांना ते झोंबलं. “कमिशनरनेच असं केलं तर लीग कशाला चालवायची? पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघा.”

“बरोबर आहे काका,” परीक्षित म्हणाला. “मी सोडतो.”

“चोरी केली ती केली,” हेझल समोसा उचलत म्हणाली, “आणि स्वतःला काही मिळालं पण नाही! असला चोर आमच्या वसईत कुणी ठेवणार नाही हं.” तेव्हा कुठे लोक हसले, आणि श्वास मोकळे झाले.

रोझमेरी मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्या येऊच शकल्या नव्हत्या. हेझलने फोन लावून जाईच्या हातात दिला.

“मला? प्राइझ?” मावशी ओरडल्या. “कोण आणून देणार ते? पोस्टाने पाठवू नका हं, चेपेल!”

“मी आणून देते, मावशी. उद्या सकाळी. तुमच्या हातात.”

नंतर जाई भांडी विसळत होती आणि परीक्षित पुसत होता.

“एक विचारू?” तो म्हणाला. “ते दहा दिवस वाया गेले का मग?”

“नाही. नेम जो करतो त्याचा असतो. ते दहा दिवस तुझे.”

“मी कधीच सहाला उठत नाही, जाई. बेसबॉलसाठी तर नाहीच.” त्याच्या हातातली ताटली केव्हाच कोरडी झाली होती, तो पुसतच होता. “मला तू... म्हणजे मला रोज... काय म्हणू? तुझ्याइतकं रोज काहीच आवडत नाही. सांग ना काहीतरी.”

तिने नळ बंद केला. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. या मुलाने आज सगळ्यांसमोर मान खाली घातली होती, आणि तिला तो कधी नव्हता इतका उंच वाटत होता. पण भरल्या डोळ्यांनी ती उत्तर देणार नव्हती.

“सांगते. एका वेळी एकच,” ती म्हणाली. “मावशींना आधी शब्द दिलाय.”

रविवारी सकाळी पाऊस थांबला होता. जाईने दिवा लावला, हात जोडले. पेला मऊ पंच्यात गुंडाळून पिशवीत ठेवला. वर मावशींसाठी रव्याच्या लाडवांचा डबा. मग फोन घेऊन लिहिलं:

‘सव्वानऊची गाडी. व्हिटबीपर्यंत दोन तास. एकटीला कंटाळा येईल.’

तिने ते वाचलं. प्रवासात तिला कंटाळा कधीच येत नसे. शेवटचं वाक्य तिने पुसलं, थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं, आणि खरं होतं ते लिहिलं:

‘तू सोबत हवा आहेस. आजच नाही, रोज.’

पाठवलं. उत्तराची वाट बघत ती बसली नाही. कोट घातला, पिशवी छातीशी धरली, दार आवाज न करता ओढून घेतलं, आणि ओल्या पानांवरून स्टेशनाच्या दिशेने चालू लागली.