पिवळ्या यादीतला अंकुश

तेजलने त्या मुलाला टेबलापाशी चांगली सहा मिनिटं उभं करून ठेवलं. विभागात कोणकोणती यंत्रं आहेत, शिकवायला कोण आहे, शिकून गेलेली मुलं आज कुठे कामाला आहेत, सगळं सांगून झालं. तो मान हलवत ऐकत होता. मग हातातली रिकामी बाटली जराशी वर करून म्हणाला,

“मॅडम, आता पाणी भरून घेऊ?”

पाण्याचा कूलर तिच्या पाठीमागे होता. बोईसरच्या त्या हॉलमध्ये कॉलेजांचा मेळावा भरलाय हे त्याला ठाऊकही नव्हतं. मे महिन्याचं ऊन, कंपनीतली नुकतीच सुटलेली पाळी... तो फक्त पाण्यासाठी आत शिरला होता.

तेजलचे कान तापले. “आधी नाही का सांगायचं?”

“तुमी थांबलाच नाय,” तो म्हणाला. “आणि... बरं वाटत होतं ऐकायला.”

तिनेही मग हट्टाने वही पुढे सरकवली. पाणी असंच मिळत नाही, नाव-नंबर लिहा म्हणाली. त्याने लिहिलं. अंकुश वरठा. बी.एस्सी. रसायनशास्त्र, पास होऊन दोन वर्षं झालेली. बोईसरच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये कंत्राटी मदतनीस. गाव जव्हारच्या वाटेला डोंगरात, तिथे वडिलांची पावसावरची थोडी शेती.

तेजल किनाऱ्यावरच्या मुरबे गावची. विद्यापीठाच्या पालघरजवळच्या केंद्रात एम.एस्सी. करत होती, आणि रसायनशास्त्र विभागाने तिला ‘विद्यार्थी दूत’ नेमलं होतं. नव्या मुलांना विभागाची माहिती द्यायची, त्यांच्या शंका सोडवायच्या, फोन करायचे. तासांवर मानधन होतं. तिची आई मैनाबाई पालघरच्या बाजारात मासळी विकायची. दूत म्हणजे अँबॅसेडर, असं तेजलने सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “ती गाडी ना? ती तर बंद झाली.” पण दुसऱ्या दिवसापासून पापलेट घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती सांगत होती, माझी पोर विद्यापीठाच्या वतीनं बोलते.

दूतांच्या कामाची एक पद्धत होती. वहीतली सगळी नावं तीन रंगांत लावायची. येणारच म्हणाला तो हिरवा, नाही म्हणाला तो लाल, आणि विचार करतो म्हणाला तो पिवळा. हिरव्यांची नावं ऑफिसकडे जायची, लाल बंद व्हायची. पिवळ्यांना मात्र प्रवेश संपेपर्यंत दर सोमवारी फोन करायचा.

अंकुश ‘विचार करतो’ म्हणाला होता, म्हणजे पिवळा. पहिल्या सोमवारी त्याने विचारलं, “हा फोन पगारातला का?”

“हो.”

“मग जरा लांबवा. तासावर हाय ना?”

तिने लांबवला. दुसऱ्या सोमवारीही लांबवला. तिसऱ्या वेळी गमतीगमतीत त्याला रंगांचं सगळं सांगून टाकलं. त्याने लगेच विचारलं,

“हिरव्यात गेलो तर?”

“मग ऑफिस बघेल तुमचं. माझं काम संपलं.”

“आणि लालमध्ये?”

“तरी संपलं.”

“मग पिवळाच बरा,” अंकुश म्हणाला.

तेजलने हसून फोन ठेवला, आणि मग बराच वेळ हसू काही जाईना. त्यानंतर ती त्याचा फोन सगळ्यांत शेवटी करू लागली. म्हणजे मागे कोणी खोळंबायला नको.

काय बोलायचे ते? काहीही. मुरब्यात बोंबील कसे वाळत घालतात हे तिने सांगितलं. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या रोपांना पाऊस नेमका किती लागतो हे त्याने. तो कामाची गोष्ट फारशी काढत नसे. एका सोमवारी मात्र काढली. लॅबमध्ये तपासणी तो करायचा, आकडे तो काढायचा, आणि कागदावर सही दुसऱ्याची व्हायची. एकदा तर साहेब सुट्टीवर होते. दिवसभराचं काम यानेच निभावलं आणि एकही आकडा चुकला नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी येऊन सगळ्या कागदांवर सह्या केल्या.

“मी केलेल्या कामाखाली माझं नाव नसतं,” तो म्हणाला. “एम.एस्सी. झालो तर सही माझी होईल. आमच्या पाड्यात आजवर कोनाची झाली नाय.”

त्या दिवशी तेजलला त्याचा फार अभिमान वाटला. दुसऱ्या कुणाचा एवढा अभिमान वाटावा, हे तिला नवीन होतं.

आणि तरीही तिने नको ते केलं. म्हणजे, करायचं ते केलं नाही.

जुलैच्या सुरुवातीला प्रवेशाची शेवटची तारीख एक आठवडा अलीकडे आली. हे सगळ्या पिवळ्यांना कळवायचं होतं. तेजलने एकेकाला पहिल्याच वाक्यात कळवलं. शेवटी अंकुशला फोन लावला. तो त्या दिवशी भाताच्या लावणीला घरी गेला होता. चिखलात एक चप्पल कशी रुतली, ती काढताना दुसरी कशी रुतली, हे सांगत बसला. ती हसत बसली. तारीख राहूनच गेली. माणसाला वाटतं, सोमवार येतच राहतील.

गुरुवारी सकाळी विभागप्रमुख मंगला मॅडमनी सगळ्या दूतांना बोलावलं. दोन जागा उरल्यात, म्हणाल्या. आज पाच वाजता प्रवेशाची खिडकी बंद होईल, आणि जे पिवळे राहतील ते लाल धरायचे.

तेजलच्या यादीत एकच पिवळं नाव होतं. अंकुशचं.

तिने फोन लावला. वाजत राहिला. कंपनीत मोबाइल आत नेऊ देत नाहीत, पाळी सुटेपर्यंत तो कपाटातच राहायचा. ती एसटी पकडून बोईसरला गेली. कंपनीच्या गेटवर छत्रीतून पाणी गळत असताना उभी राहिली. वॉचमन दोनदा म्हणाला, “मैडम, शिफ्ट छूटेगी तब आएगा।”

तीनला अंकुश बाहेर आला. तिला पाहून त्याचा चेहराच उजळला.

“आज सोमवार नाय,” तो म्हणाला.

“आज पाच वाजता प्रवेश बंद होतायत. तारीख अलीकडे आलीय. मी तुला सांगितलंच नाही.”

त्याचं हसू उतरलं. “पुढच्या गुरुवारी होती ना?”

“होती. बाकी सगळ्यांना सांगितलं. तुझ्याशी बोलताना... राहून गेलं.”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते तिच्या ध्यानात आलं नाही. त्याच्या आलं असावं. तो तिच्याकडे नुसता बघत राहिला.

“फाइल तयार हाय,” मग तो म्हणाला. “खोलीवर. जूनपासून तयार हाय. मधली दोन वर्षं शिकत नव्हतो, त्याचं प्रतिज्ञापत्रसुद्धा केलंय.”

“मग दिली का नाहीस?”

“दिली असती तर तू फोन केला असतास?”

तेजलला राग आला, खरा राग. “दोन वर्षं दुसऱ्याच्या सहीखाली राबतोस, आणि एका फोनसाठी जागा घालवत होतास?”

“एक नाय,” अंकुश म्हणाला. “आठ झाले.”

तिला रडू येत होतं की हसू, कुणास ठाऊक. “चल,” ती म्हणाली.

खोलीवरून फाइल घेतली, स्टँडवर गाडी मिळाली. खिडकीतून पाणी आत येत होतं. त्याने फाइल मांडीवर धरली आणि वर हात ठेवला. एका वळणावर झड आत आली तेव्हा तिनेही ठेवला. मग पालघर येईपर्यंत दोघांपैकी कुणी हात काढला नाही, आणि कुणी बोललंही नाही.

पाचला आठ मिनिटं कमी असताना अंकुशने खिडकीत कागद दिले. क्लार्कने एकेक उलटून पाहिला, प्रतिज्ञापत्रावर जरा अडला, मग शिक्का मारला.

मंगला मॅडम आतच बसल्या होत्या. वही समोर होती. तेजलच्या नावापुढे आज आणखी एक हिरवा भरायला त्यांनी पेन उचललं.

“मॅडम, हे नाव माझ्या कामात धरू नका,” तेजल म्हणाली. आणि तिने सगळं सांगितलं. तारीख कशी राहिली, फोन कशासाठी लांबत होते, काही लपवलं नाही. सांगताना तिची मान खाली गेली नाही.

मॅडमनी चष्मा काढला. “थोडक्यासाठी एका मुलाचं वर्ष गेलं असतं. पुढच्या वर्षी तुला हे काम द्यायचं की नाही, मला विचार करावा लागेल.”

“चालेल मॅडम.”

“मग याच्यापुढे काय लिहू? स्वतःहून आला?”

“नाय मॅडम,” दारात उभा असलेला अंकुश आता बोलला. “हिच्यामुळं आलो. पगारात नका धरू, पण लिहा तसंच.”

“त्याला रकाना नाहीये वहीत.”

“मग मी तोंडी सांगत जाईन,” अंकुश म्हणाला. “जो विचारील त्याला.”

मॅडमनी वही मिटली. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण त्या विभागप्रमुख होत्या. “जा आता,” एवढंच म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात पावसाचा आवाज मोठा होता. अंकुशने वडिलांना फोन लावला. जागा मिळाली, म्हणाला. मग थोडं थांबून, “हां, इथंच हाय. हां बा, तीच.” आणि फोन तिच्यापुढे धरला.

दोन महिन्यांत दोनशे अनोळखी माणसांशी फोनवर बोललेली तेजल... तिला पहिलं वाक्य सापडेना.

पलीकडून त्याचे वडील, विश्रामबाबा, म्हणाले, “पोरी, तो तुझं लय सांगतो. कवा येशील?”

तिने अंकुशकडे पाहिलं. तो दुसरीकडेच बघत होता, पण श्वास रोखून.

“रविवारी येतो आम्ही,” तेजल म्हणाली.

फोन चालूच होता. तिकडे विश्रामबाबा शेतात उभे असावेत. पलीकडच्या बांधावरच्या कुणाला तरी ते ओरडून सांगत होते, पुन्हा पुन्हा सांगत होते... येतात रं, दोगं येतात.