नऊ नंबरचे निरोप

यातला एकही आकडा मी वाढवून सांगत नाही. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, एका गुरुवारी दुपारी हे सुरू झालं. तिथलं नेटवर्क मी सांभाळतो.

सगळ्या खोल्यांच्या घंटा एकाच गोल जोडणीवर आहेत. बटण दाबलं की निरोप दारादारावरचा दिवा लुकलुकवत फिरतो आणि सिस्टरच्या टेबलावर घंटा वाजवतो; तिथला फोन उचलला की खोलीशी बोलता येतं. फेरी पूर्ण झाली की पाठवणारं यंत्रच तो काढून घेतं.

नऊ नंबरच्या आजी दिवसाला साठ वेळा बटण दाबायच्या.

"दादा, यांचं जरा कमी कर ना," सिस्टर म्हणाली. "उशी सरकली तरी घंटा. माझ्या सासूबाई परवडल्या."

मी हसत हसत मर्यादा घातली. नऊ नंबरकडून दहा मिनिटांत एकच निरोप. बाकीचे टेबलावरची घंटा न वाजवताच गळतील.

त्या गुरुवारी तीन चाळीसला आजींनी पाणी मागितलं. सिस्टर देऊन आली.

पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी तेरा वेळा बटण दाबलं.

तेराही निरोप गळाले.

संध्याकाळी जिन्यात त्यांच्या मुलाने विचारलं, "आईने शेवटी कुणाला बोलावलं होतं का हो?"

"नाही. झोपेतच गेल्या."

त्या तेरा निरोपांची नोंद मी आधीच पुसली होती.

नऊचं यंत्र काढून मी कपाटात ठेवलं आणि मर्यादा शून्यावर आणली, म्हणजे नऊचा एकही निरोप टेबलावर वाजणार नाही.

दुसऱ्या दिवशी, तीन चाळीसला... एक नंबरच्या दारावरचा दिवा लुकलुकला. मग दोनचा. तीनचा...

आवाज नाही.

आठनंतर थेट दहाचा.

स्क्रीनवर पाहिलं. निरोप नऊ नंबरचा होता. काढून घेणारं यंत्रच नाही, म्हणून तो फिरत राहिला होता.

मी तो हाताने पुसला. तिसऱ्या दिवशीही. मग रोजच.

काल पुसवेना. मी मर्यादाच काढून टाकली.

टेबलावरची घंटा वाजली. सिस्टरने सवयीने फोन उचलला.

"बोला आजी..."

आणि तिने हातातलं पेन खाली ठेवलं. नुसती ऐकत राहिली.

"कोण आहे?" मी विचारलं.

तिने फोन माझ्यापुढे धरला. "मुलाला खोटं का सांगितलंस, विचारतायत."

जिन्यात तो मुलगा आणि मी, दोघंच होतो. सिस्टरला मी काहीच बोललो नव्हतो.

फोन मी घेतला नाही. मुलाचा नंबर समोर लिहून ठेवलाय... आज तीन वाजून गेलेत, आणि तोही अजून लावलेला नाही.